‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय?

रेशनच्या दुकानात, बँकेत, सेतू केंद्रात आपल्या माणसांना हल्ली एक वाक्य हमखास ऐकावे लागते : “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई हे ऐकून मुकाट्याने परत जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी हेच कानी पडले, तर मुलाचे वर्षच पणाला लागते. आम्ही आठवडाभर कचेरीत कारकुनी करतो आणि रविवारी वस्तीतील मुलांचे अर्ज भरून देतो. त्यामुळे हे वाक्य आम्हाला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. ते कधी पूर्ण खरे असते, कधी अर्धे. कोणते केव्हा, हे आता प्रत्येक घराला ओळखता आले पाहिजे.

वेबसाईट ज्या संगणकावर ठेवलेली असते त्याला सर्व्हर म्हणतात. तो चालू असणे ही एक गोष्ट, आणि आपल्या मोबाईलवरून तिथवर पोहोचता येणे ही दुसरी. कचेरी उघडी आहे, साहेब खुर्चीत आहेत, पण रस्ता खचला आणि पाटीही पडली, तर गावाहून आलेल्या माणसाला कचेरी बंदच!

याचे सर्वांना आठवणारे उदाहरण म्हणजे ४ ऑक्टोबर २०२१. त्या रात्री नऊच्या सुमारास आपल्याकडे व्हॉट्सअॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम बंद पडले. जगभर ते सुमारे सहा तास बंद होते. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेमुळे कंपनीच्या डेटा सेंटरना जोडणारे जाळेच तुटले होते. वेबसाईटचा पत्ता सांगणारे सर्व्हर, ज्यांना डीएनएस म्हणतात, ते चालू होते. पण त्यांच्याकडे जाणारा रस्ता इंटरनेटच्या नकाशावरून पुसला गेला. इंजिनियरांनाही दुरून आत शिरता येईना. शेवटी माणसे प्रत्यक्ष डेटा सेंटरवर पाठवावी लागली.

यावरून एकच धडा घ्यायचा : वेबसाईट चालू आहे की नाही, हे बाहेरून पाहावे लागते, जिथे लोक आहेत तिथून.

अशी तपासणी जुनीच आहे. अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या शोधासाठी पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्यावरून हे नाव पडले. पिंग दूरच्या संगणकाला हाक मारतो आणि ओ किती वेळात आली ते सांगतो. मात्र ओ आली म्हणजे काम झाले, असे नव्हे. म्हणून पुढची पायरी म्हणजे पान मागून पाहणे. तेव्हा सर्व्हर एक आकडा पाठवतो. २०० म्हणजे ठीक. ४०४ म्हणजे सर्व्हर आहे, पण ते पान तिथे नाही. ५०० म्हणजे आतच बिघाड. ५०३ म्हणजे सध्या सेवा देता येत नाही. गर्दी किंवा दुरुस्ती चालू असावी.

आता थोडा हिशेब करू. वर्षाचे तास ८,७६०. वेबसाईट ९९ टक्के वेळ चालू राहते म्हटले, तर ऐकायला बरे वाटते. पण बंद तास होतात सुमारे ८७, म्हणजे साडेतीन दिवसांहून जास्त. ९९.९ टक्के म्हटले, तरी पावणेनऊ तास उरतातच. हे तास नेमके अर्जाच्या शेवटच्या दिवशी आले, तर टक्केवारी कोणाच्या कामाची?

म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, पान उघडत नसेल तर आधी दुसरी एखादी वेबसाईट उघडून पाहा. तीही उघडत नसेल, तर अडचण आपल्याच नेटमध्ये आहे. मग पत्त्याचे अक्षर न् अक्षर तपासा. शेजाऱ्याच्या, वेगळ्या कंपनीच्या मोबाईलवरून पाहा. तरीही उघडले नाही, तर पडद्यावरील आकडा, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो काढा, त्याच दिवशी लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. पान सुरक्षित नसल्याची सूचना आली, तर तिथे ओटीपी किंवा आधार क्रमांक टाकू नका. आणि मुदतीच्या आठ दिवस आधीच अर्ज भरा.

आपली मुलेमुली आता संस्थांसाठी, वसतिगृहांसाठी वेबसाईट बनवू लागली आहेत, याचा आनंद आहे. त्यांना आमचे सांगणे इतकेच : वेबसाईट चढवली की काम संपले, असे समजू नका. वेगळ्या ठिकाणाहून दर पाच मिनिटांनी आपोआप तपासणी होईल आणि बंद पडताच आपल्या फोनवर निरोप येईल, अशी सोय करा. पहिलेच पान पाहून थांबू नका. अर्ज जमा होऊन पावती निघते का, तेही पाहा. कारण ती पावती हातात पडली, तरच त्या बाईची मजुरी वाचते.