चित्रकलेच्या तासाला मिळतं काय?

सीमाभागात पहिला गैरसमज गुणांचाच. कागल-कोल्हापूरची भावंडं चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा देऊन दहावीला वाढीव गुण घेतात, म्हणून निपाणीतले पालकही मुलांना ग्रेडच्या क्लासला घालतात. पण ते गुण महाराष्ट्र मंडळाचे. कर्नाटकाच्या एसएसएलसीच्या गुणपत्रिकेत ते चढत नाहीत. कर्नाटकाच्या लोअर आणि हायर ग्रेड परीक्षा वेगळ्या.

‘कलेनं गणित सुधारतं’ हाही एक लाडका समज. अमेरिकेत एलेन विनर आणि लोइस हेटलंड यांनी २००० साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. कलेमुळे इतर विषयांचे गुण वाढतात, असं ठामपणे म्हणण्याजोगं त्यांना फारसं सापडलं नाही. प्रसंग अभिनयातून शिकणाऱ्या मुलांची भाषा मात्र सुधारलेली दिसली. तेव्हा चित्रकलेच्या शिक्षकांनी गणिताच्या मदतनिसाची भूमिका सोडलेली बरी.

मग तास कशाला? मुलासमोर तांब्या ठेवून बघा. तो तोंड लंबगोल काढतो आणि बूड सरळ रेघेनं कापतो, कारण तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्याला ठाऊक असतं. प्रत्यक्षात बुडाची कडाही वळलेलीच दिसते, उलट तोंडापेक्षा जास्त. ठाऊक असलेलं बाजूला ठेवून समोरचं बघायचं, ही सवय दुसऱ्या कुठल्या तासाला इतकी नेमकी लागते?

‘कल्पकता उपजतच असते, नक्कल केली की मरते’ असंही म्हणतात. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. पुढे मुंबईत देवधर मास्तरांची तालीम मिळाली. नकलेवर गळा घडलेल्या या माणसालाच नंतर ‘परंपरा मोडली’ म्हणून लोकांनी नावं ठेवली.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. कला पोट भरत नाही, ही भीती अगदीच खोटी नाही; सगळ्यांचं भरत नाही. पण बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली शिकलेले रवी परांजपे (१९३५–२०२२) पुस्तकांची चित्रं आणि जाहिरातींबरोबर वास्तुरचनाकारांसाठीही काम करत. नुसत्या आराखड्यावरून, अजून पायाही न खणलेली इमारत उन्हा-सावलीसकट कागदावर उभी करायची, असं ते काम.