पडला नाही, तरी पडलाच: उसिक-फ्युरी झुंजीच्या गुणांची गोष्ट

कुस्तीचा निकाल डोळ्यांना दिसतो. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की चीतपट, मग वाद घालायला फारसे काही उरत नाही. बडोद्यात प्रा. माणिकरावांच्या आखाड्याचे नाव अजून आदराने घेतले जाते, इंदूर-ग्वाल्हेरकडेही तालमींची परंपरा मोठी. आपल्यापैकी अनेकांची झुंज पाहण्याची नजर तिथेच तयार झालेली आहे. अशा नजरेला हेवीवेट बॉक्सिंगचा निकाल खटकतो. बारा फेऱ्या दोघेही उभे, शेवटच्या घंटेला दोघांचेही हात वर, आणि मग निवेदक एका कागदावरून तीन आकडे वाचून दाखवतो. विजेता ठरतो तो त्या कागदावर.

हा कागद कसा तयार होतो, हे समजून घ्यायला १८ मे २०२४ च्या झुंजीइतके चांगले उदाहरण नाही. सौदी अरेबियात रियाधला युक्रेनचा ओलेक्सांद्र उसिक आणि इंग्लंडचा टायसन फ्युरी समोरासमोर आले. दोघेही तोवर अपराजित. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये चार वेगवेगळ्या संस्था आपापला जगज्जेता जाहीर करतात, त्यामुळे एकाच वेळी दोन-तीन 'जगज्जेते' असणे ही नेहमीचीच गोष्ट. या झुंजीतला विजेता मात्र चारही पट्टे घेऊन जाणार होता. हेवीवेटमध्ये एकच निर्विवाद जगज्जेता असण्याची वेळ १९९९ मधल्या लेनॉक्स लुईसनंतर आलेलीच नव्हती.

निकाल लागला तो असा. एका जजने उसिकला ११५-११२ असे पुढे ठेवले, दुसऱ्याने उसिकलाच ११४-११३, आणि तिसऱ्याने फ्युरीला ११४-११३. दोन विरुद्ध एक, म्हणून उसिक जिंकला.

आता हे आकडे उलगडून पाहू. प्रत्येक फेरी तीन मिनिटांची. फेरी संपली की प्रत्येक जज त्या फेरीतल्या वरचढ बॉक्सरला १० गुण देतो आणि दुसऱ्याला साधारणपणे ९. एखादा बॉक्सर त्या फेरीत खाली पडला, म्हणजे नॉकडाउन झाला, तर त्याला ९ ऐवजी ८. चिठ्ठी तिथल्या तिथे गोळा केली जाते. मागाहून विचार करून गुण बदलायची सोय नाही. बारा फेऱ्यांची बेरीज म्हणजे अंतिम गुण. इथे फेरी ही वेगळी चूल आहे. एका फेरीत तुम्ही समोरच्याला भरपूर झोडपले आणि पुढच्या फेरीत अगदी थोडक्यात मागे पडलात, तर कागदावर एकास एक बरोबरी. झोडपल्याचे जास्तीचे माप पुढच्या फेरीत धरले जात नाही.

या नियमाने उलटा हिशेब केला तर कोणी किती फेऱ्या जिंकल्या ते निघते. पहिल्या जजच्या मते उसिकने सात फेऱ्या जिंकल्या, फ्युरीने पाच. दुसऱ्याच्या मते सहा-सहा. तिसऱ्याच्या मते उसिकच्या पाच, फ्युरीच्या सात. तिघांच्या मिळून छत्तीस निवाड्यांपैकी अठरा उसिककडे आणि अठरा फ्युरीकडे. तागडी अगदी मध्यावर.

मग उसिक जिंकला कसा? नवव्या फेरीमुळे. त्या फेरीत फ्युरीला १० विरुद्ध ८ असा एक गुण जादा गमवावा लागला. तो गुण परत देऊन पाहा. पहिला कागद ११५-११३ उसिककडे राहतो, दुसरा ११४-११४ असा बरोबरीचा होतो, तिसरा फ्युरीच्या बाजूने ११५-११३ होतो. एक त्याचा, एक याचा, एक बरोबरीचा. म्हणजे झुंज अनिर्णित. पंचवीस वर्षांनी एकत्र आलेला मुकुट एका गुणावर ठरला, आणि तो गुण ज्या नॉकडाउनचा होता त्यात फ्युरीचे अंग जमिनीला लागलेसुद्धा नव्हते.

नवव्या फेरीच्या शेवटी उसिकचा डावा ठोसा फ्युरीच्या डोक्यावर बसला आणि सहा फूट नऊ इंचांचा तो माणूस दारू प्यायल्यासारखा रिंगभर झोकांड्या खाऊ लागला. उसिक मागे लागला, ठोशांवर ठोसे. फ्युरी एका बाजूच्या दोरांवरून दुसऱ्या बाजूला ढकलला गेला, कोपऱ्याजवळ कलंडला, आणि दोरांनी त्याला झेलले. तिथे रेफरी मार्क नेल्सन मध्ये पडला आणि मोजायला लागला. मोजणी संपते न संपते तोच घंटा झाली.

यावर घरोघरी वाद झाला तो इथे. 'पडलाच नाही तर मोजलं का?' असे विचारणाऱ्याची शंका रास्त आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये रेफरी उभ्या माणसालाही आठपर्यंत मोजतो. आपण ऑलिंपिकमध्ये ते पाहतो. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अशी उभ्याची मोजणी सर्वसाधारणपणे नाही. पण तिथे दुसरा एक नियम आहे: बॉक्सर केवळ दोरांच्या आधारामुळे उभा असेल, दोर नसते तर तो खाली गेला असता, तर तो पडला असेच समजायचे. नेल्सनने हा नियम लावला. झुंजीचे चित्रण पुन्हा पाहिले तर मला तरी त्याचा निर्णय चुकीचा वाटत नाही. फ्युरीचे पाय त्या क्षणी त्याचे राहिले नव्हते.

गंमत अशी की तक्रार दोन्ही बाजूंनी झाली. फ्युरीच्या पाठिराख्यांना वाटले, मोजणीने गुण गेला. उसिकच्या गोटातले म्हणाले, मोजणीने आमचा नॉकआउट गेला; रेफरी मध्ये पडला नसता तर आणखी दोन-तीन ठोशांत खेळ आटोपला असता. माझ्या मते दोघांचेही अर्धे बरोबर आहे. त्या मोजणीने फ्युरीचा मुकुट घेतला आणि त्याच मोजणीने त्याला सावरायला अवधी दिला. एक पुरवणीही जोडली पाहिजे. पडणे नसतानाही, फेरी अगदी एकतर्फी झाली तर जज १०-८ देऊ शकतो. म्हणजे रेफरीने मोजले नसते तरी नववी फेरी १०-९ झालीच असती असे नाही. अनिर्णित झुंजीचे वरचे गणित या 'तर'वर उभे आहे.

फ्युरीला हे गणित नवे नव्हते. १ डिसेंबर २०१८ ला लॉस एंजेलिसमध्ये डिऑन्टे वाइल्डरविरुद्ध तो नवव्या आणि बाराव्या फेरीत खरोखर आडवा झाला होता. तिथे एका जजने ११३-११३ दिले. उलगडून पाहिले तर त्या जजच्या मते फ्युरीने सात फेऱ्या जिंकल्या होत्या आणि वाइल्डरने पाच. दोन नॉकडाउनचे दोन गुण गेले आणि जिंकलेली झुंज बरोबरीत आली. दुसऱ्या जजने वाइल्डरला ११५-१११, तिसऱ्याने फ्युरीला ११४-११२. झुंज अनिर्णित.

आता डावपेचांकडे वळू, कारण रियाधच्या फेऱ्या इतक्या चुरशीच्या का झाल्या हे त्यातच आहे. फ्युरीचे वजन सुमारे ११९ किलो, उसिकचे सुमारे १०१. उंचीत सहा इंचांचा फरक. अशा वेळी धिप्पाड माणसाने लांबून जॅब मारत राहावे आणि लहानग्याने आत शिरायची वाट शोधावी, हे ठरलेले. उसिक त्यातून डावखुरा. डावखुरा बॉक्सर उजवा पाय पुढे ठेवतो, समोरचा डावा, त्यामुळे दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात. ज्याने आपला पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेर ठेवला त्याच्या मागच्या हाताला वाट मोकळी होते. ही पावलांची खेचाखेच टीव्हीवर सहसा कोणी बघत नाही. आपण हात बघतो.

उसिकने पहिल्या फेरीपासून पुढे चालायला सुरुवात केली. फ्युरी हात पाठीमागे बांधून, तोंडे वेंगाडून प्रेक्षकांना हसवत होता. त्याला गुण नसतात. मधल्या फेऱ्यांत मात्र त्याने खरे बॉक्सिंग दाखवले. पोटावर ठोसे, आणि उसिक वाकून आत आला की खालून अपरकट. सहाव्या-सातव्या फेरीच्या सुमारास उसिक अडचणीत दिसत होता. आठव्यापासून वारे फिरले, उसिकचा डावा हात लागू लागला, आणि नवव्यात जे झाले ते झाले. लागलेले ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सने उसिकचे १७० आणि फ्युरीचे १५७ मोजले. बारा फेऱ्यांत तेरा ठोशांचा फरक, म्हणजे फेरीला जेमतेम एक.

अशा फेऱ्यांत जज काय पाहतो? नियमावलीत चार गोष्टी असतात: स्वच्छ आणि परिणामकारक ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगवरचा ताबा, आणि बचाव. यात 'परिणामकारक' हा शब्द महत्त्वाचा. नुसते पुढे चालत राहिल्याने गुण मिळायला नकोत, पण पुढे चालणारा माणूस नजरेत भरतो. दहा हलके जॅब मोठे की दोन जड ठोसे, याला ठरीव उत्तर नाही. एक जज जॅबला मान देतो, दुसरा मुसंडीला, आणि दोघेही नियमातच असतात. ११५-११२ आणि ११३-११४ हे एकाच झुंजीचे दोन कागद पाहून लगेच 'सेटिंग होतं' म्हणायची आपली सवय म्हणूनच घाईची आहे. दोन जजांनी दोन चुरशीच्या फेऱ्या वेगळ्या पाहिल्या की एवढा फरक पडतोच.

कधी कधी मात्र कागद खरोखरच चुकतो. १३ मार्च १९९९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेनॉक्स लुईसने इव्हँडर होलीफिल्डला ३४८ ठोसे मारले, होलीफिल्डने त्याला १३०. एका जजने लुईसला ११६-११३ दिले, दुसऱ्याने ११५-११५, आणि तिसऱ्या जजने होलीफिल्डला ११५-११३. झुंज अनिर्णित. लुईसने होलीफिल्डला दोरांवर दाबून धरलेली पाचवी फेरीसुद्धा त्या तिसऱ्या कागदावर होलीफिल्डच्या नावावर होती. पुढे चौकशीत त्या जजने सांगितले की रिंगच्या कडेच्या छायाचित्रकारांमुळे आपल्याला नीट दिसले नव्हते. तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात. एका बाजूने लागलेला दिसणारा ठोसा दुसऱ्या बाजूने हातमोज्यावर अडलेला दिसतो, आणि कोणाला तर रेफरीची पाठच दिसते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईसने होलीफिल्डला पुन्हा गाठून गुणांवर हरवले आणि तो निर्विवाद झाला.

बॉक्सरच्या कोपऱ्यातल्या लोकांची पंचाईत वेगळी. सहसा झुंज संपेपर्यंत गुण कोणालाच सांगितले जात नाहीत, त्यामुळे 'आपण पुढे आहोत की मागे' हे प्रशिक्षकाला अंदाजानेच ठरवावे लागते. १९७६ मध्ये यांकी स्टेडियममध्ये केन नॉर्टन मुहम्मद अलीशी तिसऱ्यांदा लढला, तेव्हा आपण पुढे आहोत अशा समजुतीने त्याच्या कोपऱ्याने त्याला पंधराव्या, शेवटच्या फेरीत जपून राहायला सांगितले. दोन जजांच्या कागदावर चौदा फेऱ्यांअखेर बरोबरी होती. शेवटची फेरी अलीला गेली आणि तिच्याबरोबर झुंजही. फ्युरीच्या कोपऱ्यात रियाधला तर एकाच वेळी अनेक जण बोलत होते. नवव्या फेरीनंतर एक मिनिटात डोके ताळ्यावर आणायचे असताना तीन तोंडांनी सल्ला ऐकणे हा काही फार सुखाचा प्रकार नसावा.

निकालानंतर फ्युरी म्हणाला, आपणच जिंकलो, आणि उसिकचा देश युद्धात असल्याने लोक त्याची बाजू घेतात. हे पटण्याजोगे नाही. तीनपैकी एका जजने त्यालाच विजेता ठरवले होते आणि दुसऱ्याने फेऱ्या सहा-सहा वाटल्या होत्या. सहानुभूतीचा कागद असा दिसत नाही.

भारतीय प्रेक्षकांना याची झळ त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये लागली. ७१ किलो गटाच्या उपांत्यपूर्व लढतीत निशांत देव मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून ४-१ असा हरला आणि पदक थोडक्यात हुकले. तिथे पाच जज आणि तीनच फेऱ्या. पद्धत हीच, दहा गुणांची. तीन फेऱ्यांत एक निसटती फेरी इकडची तिकडे गेली की सावरायला जागाच उरत नाही. ४-१ हा आकडा ऐकून लढत एकतर्फी झाली असे वाटते, पण त्याचा अर्थ एवढाच की पाचपैकी चौघांच्या कागदावर वेर्दे पुढे होता. किती पुढे, ते त्यातून कळत नाही.

पुढची मोठी झुंज पाहताना एक करून बघा. घरातल्या प्रत्येकाने एकेक चिठ्ठी घ्यायची, टीव्हीचा आवाज बंद ठेवायचा, आणि फेरी संपल्याबरोबर एकमेकांना न विचारता १०-९ लिहायचे. समालोचक ज्याचे कौतुक करतो त्याचेच ठोसे आपल्याला मोठे दिसू लागतात, म्हणून आवाज बंद. बारा फेऱ्यांनी चिठ्ठ्या उघडल्या की एकाच सोफ्यावर बसलेल्यांच्याही चिठ्ठ्या जुळत नाहीत.

उसिक आणि फ्युरी २१ डिसेंबर २०२४ ला रियाधलाच पुन्हा भिडले. या वेळी फ्युरी आणखी जड होऊन, सुमारे १२७ किलोचा, उतरला. कोणीही पडले नाही, कोणाला दोरांनी झेलले नाही. तिन्ही जजांनी वेगवेगळ्या बाजूंना बसून एकच आकडा दिला: उसिक ११६, फ्युरी ११२. आठ फेऱ्या विरुद्ध चार. फ्युरीला तोही निकाल मान्य झाला नाही.