गुडघेदुखी, हळद आणि बिनलेबलच्या पुड्या

महिला मंडळाची बैठक असो की विहारातला कार्यक्रम, खाली बसलेल्या आपल्या बाया उठताना एकमेकींचा हात धरतात. कुणी जळगावच्या डाळमिलमध्ये, कुणी कापसाच्या शेतात, कुणी दोंडाईचा-नंदुरबारकडे मिरचीचे देठ खुडण्यात उमर घातलेली. आणि प्रश्न ठरलेला: "ताई, हळदीच्या दुधानं गुडघे बरे होतात का हो?"

हळदीत गुण आहे, पण अर्ध्या चमच्यात तो फार थोडा आहे. हळद ज्यामुळे पिवळी दिसते त्या द्रव्याला कर्क्युमिन म्हणतात. सांधे सुजवणाऱ्या शरीरातल्या रसायनांना ते काही प्रमाणात आवरतं. मात्र १०० ग्रॅम हळदीत ते साधारण ३ ग्रॅमच असतं. म्हणजे अर्धा चमचा हळदीच्या दुधातून ५० मिलिग्रॅमच्या आसपास. गुडघेदुखीवरच्या बहुतेक अभ्यासांत रोज ५०० ते १५०० मिलिग्रॅम अर्क दिलेला असतो. त्यातही पोटातून रक्तात फारच कमी जातं. मिऱ्यातल्या पायपरीनसोबत दिलं तर रक्तातलं प्रमाण सुमारे २० पटीनं वाढतं, हे १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. दूध जरूर प्या, पण त्याला औषध समजू नका.

आपल्या राज्यातलाच एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज झालेल्या ९० रुग्णांवर ३२ आठवडे एक आयुर्वेदिक औषध तपासलं. त्यात अश्वगंधा, सालई गुग्गुळ, सुंठ आणि हळद होती. (सालईची झाडं आपल्या सातपुड्यात आहेतच.) निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नव्हतं. २००४ साली निष्कर्ष छापून आले: औषध घेणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं. दुखणं कमी झालं, झिजलेला सांधा नवा झाला नाही, हेही लक्षात घ्या.

मिरचीचंही तसंच. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन मलमात घालून गुडघ्यावर लावतात. आधी जळजळतं, पण रोज लावल्यावर काही आठवड्यांत दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा मंदावतात. या द्रव्याच्या मदतीनं शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. म्हणून घरचं तिखट वाटून गुडघ्यावर बांधू नका, कातडी भाजते. मलम लावल्यावर हात साबणानं धुवा, डोळ्यांना लावू नका.

आम्हाला खरी भीती वाटते ती आठवडी बाजारात मिळणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांची. "शंभर टक्के जडीबुटी" म्हणतात आणि दोन दिवसांत बाई पळायला लागते. इतक्या झटपट गुण देणारी जडीबुटी आम्ही तरी शिकलो नाही. अशा पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. महिनोन्‌महिने घेतलं तर चेहरा सुजून गोल होतो, साखर आणि बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात. कुणी बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंदही करू नका, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा.

सगळी सांधेदुखी झिजेची नसते. सकाळी हाताची बोटं तासभर आखडून राहत असतील, दोन्ही हातांचे बारीक सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तो बायांना जास्त होतो. वेळेत औषध नाही मिळालं तर बोटं कायमची वाकडी होतात, हळदीवर थांबायला तिथं वेळ नाही. त्यातली मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. लेकराचे हातपाय, सांधे वारंवार दुखत असतील तर सिकलसेलची तपासणी करा. हा आजार आदिवासी समाजात आहे तसा आपल्या समाजातही आहे. तपासणी सरकारी दवाखान्यात होते.

हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्याच असतील तर डॉक्टरला विचारून घ्या. पित्ताशयात खडे, काविळीचा किंवा लिव्हरचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी किंवा पोटात बाळ असेल तर घेऊ नका. स्वयंपाकातल्या हळदीला यातलं काही बंधन नाही. फक्त सुट्या, भडक पिवळ्या पावडरीपेक्षा हळकुंडं घेऊन गिरणीतून दळून आणलेली बरी, कारण रंग यावा म्हणून सुट्या हळदीत शिशाचा रंग मिसळल्याचं आढळलेलं आहे.