एक सर्व्हर, अनेक किल्ल्या

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण त्याच्या मुळाशी आपला जुनाच प्रश्न आहे: विश्वास कुणावर ठेवायचा आणि का?

प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीनं जाणारा मध्यस्थ. एखाद्या संकेतस्थळाची वाट अडवलेली असेल तर अडवणुकीच्या पलीकडे एक सर्व्हर ठेवायचा. आपण त्याला सांगायचं आणि त्यानं पान आणून द्यायचं. या देवाणघेवाणीची सॉक्स-5 ही पद्धत 1996 साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. पण ती नुसती वापरली तर मजकूर उघडाच जातो. म्हणून 2012 साली चीनमध्ये क्लोविंडी या टोपणनावाच्या प्रोग्रामरनं शॅडोसॉक्स लिहिलं. त्यानं मध्यस्थाचे दोन भाग केले. एक आपल्या संगणकावर, दुसरा देशाबाहेर, आणि मधली वाट एन्क्रिप्शननं झाकलेली.

एकट्यासाठी हे सोपं आहे. परदेशात छोटा सर्व्हर भाड्यानं घ्यायचा, प्रोग्राम बसवायचा, पोर्ट आणि पासवर्ड ठरवायचा. झालं! गुंता होतो तो भाऊ, मैत्रीण, कचेरीतले सहकारी वाटेकरी झाले की.

आपल्याला पहिल्यांदा काय सुचतं? सगळ्यांना एकच पासवर्ड देऊन टाकू. हे का चुकतं ते नीट पाहू. एकाचा फोन हरवला की सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो. कुणी किती वापरलं हे कळत नाही. तिसरं कारण जास्त गंभीर आहे. शॅडोसॉक्समध्ये प्रत्येक जोडणीची किल्ली मूळ पासवर्डपासूनच तयार होते. त्यामुळे ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि वाटेवरची रहदारी ज्याच्या हाती लागते, तो इतरांची झाकलेली रहदारीही उघडू शकतो, अगदी पूर्वी साठवून ठेवलेलीसुद्धा. म्हणजे बाहेरच्यासाठी कुलूप आहे, पण घरातल्या घरात कुणाला आडोसाच नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे माणसागणिक वेगळा पोर्ट आणि वेगळा पासवर्ड. पण पन्नास माणसं म्हणजे पन्नास उघडे पोर्ट. 2018 साली गुगलच्या जिगसॉ या गटानं शॅडोसॉक्सवरच आउटलाइन उभं केलं. तिथं एकाच पोर्टवर अनेक किल्ल्या चालतात. आलेली जोडणी कुणाची हे सर्व्हरला आधी माहीत नसतं. जुडग्यातली एकेक किल्ली लावून पाहावी तसं तो करतो. जिनं उघडलं, तिच्या मालकाची जोडणी. एक किल्ली रद्द केली तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही, आणि डेटाची मर्यादाही घालता येते.

सांभाळायचे नियम मोजकेच आहेत. एका माणसाला एकच किल्ली. ती सुरक्षित मार्गानंच पोहोचवायची. माणूस सोडून गेला की त्याच दिवशी रद्द करायची. प्रोग्राम अद्ययावत ठेवायचा. सर्व्हरच्या व्यवस्थापनाचं दार पासवर्डवर न ठेवता एसएसएच किल्लीवर ठेवायचं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण कुणापासून काय लपवलं? इंटरनेट पुरवणाऱ्याला एवढंच दिसतं, की आपण एका सर्व्हरशी बोलतोय. पण आपण कुठं जातोय हे त्या सर्व्हरला कळतं. संकेतस्थळ एचटीटीपीएस वापरत असेल तर मजकूर झाकलेला राहतो, ठिकाण मात्र उघडं पडतं. थोडक्यात, विश्वासाची गरज संपली नाही, तिनं फक्त घर बदललं. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो. सर्व्हर नावाच्या साक्षीच्या हातात नोंदवही असते, एवढं विसरू नये.

आणि झाकणं म्हणजे अदृश्य होणं नव्हे. 2021 च्या नोव्हेंबरपासून चीनची यंत्रणा पूर्णपणे एन्क्रिप्टेड रहदारी ओळखून अडवू लागली. ती आतला मजकूर वाचत नाही. जोडणीच्या सुरुवातीची बाइट्स कुठल्याच ओळखीच्या साच्यात बसत नाहीत आणि निव्वळ यादृच्छिक दिसतात, एवढाच तिचा संशय. भर बाजारात तोंड पूर्ण बांधून फिरणाऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष जावं, तसंच हे.

यात माणसं पणाला लागतात. 2015 च्या ऑगस्टमध्ये क्लोविंडीनं लिहिलं, की पोलिसांनी काम थांबवायला सांगितलंय, आणि त्यानं गिटहबवरचा कोड काढून घेतला. त्याच्या प्रती आधीच पसरल्या होत्या, म्हणून शॅडोसॉक्स टिकलं. 2017 च्या डिसेंबरात ग्वांगशीतल्या एका माणसाला परवान्याविना व्हीपीएन सेवा विकल्याबद्दल साडेपाच वर्षांची शिक्षा झाली. अशा वेळी चालकाकडची ग्राहकांची यादी कुणाच्या हाती जाईल, याचा विचार करा. आपल्याकडेही सर्ट-इननं एप्रिल 2022 मध्ये व्हीपीएन सेवादारांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपायला सांगितलं.

तेव्हा आपण सर्व्हर चालवणार असू, तर आधी कायदा काय म्हणतो ते पाहावं, आणि कायद्याला वा कामाला लागत नाही अशी एकही नोंद ठेवू नये. नसलेली नोंद चोरीला जात नाही आणि कुणाच्या दबावाखाली द्यावीही लागत नाही. आणि आपण नुसती किल्ली घेणार असू, तर देणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात: सर्व्हर कोण चालवतं, नोंद काय राहते, आणि माझी किल्ली आणखी कुणाकडे आहे? उत्तर देताना तो चाचरला, तर ती किल्ली घेऊ नये.

आता आपले प्रश्न घेऊ.