वांकणें, परतणें आणि मोडणें
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, रबर आणि पोलाद ह्या दोहोंपैकीं अधिक स्थितिस्थापक कोण, असा प्रश्न कोणी विचारला तर आपणांपैकीं बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावतां रबराचें नांव घेतील. पदार्थविज्ञानाचें उत्तर मात्र पोलादाच्या बाजूचें आहे. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. ज्या पुलावरून आपली गाडी जाते, ज्या आंसावर तिचें चाक फिरतें, ज्या कडीला घरांतील झोपाळा टांगलेला असतो, त्यांच्यावर भरंवसा कितपत ठेवावा, हें ह्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. पदार्थावर बाहेरून जोर लाविला म्हणजे त्याचा आकार थोडाफार बदलतो, आणि जोर काढून घेतांच तो पूर्ववत् होऊं पाहतो. ह्या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. जोर लाविला असतां मुळींच न बदलणारा घन पदार्थ जगांत नाहीं. मेजावर पुस्तक ठेवलें तर मेज दबतें. आपण उभे राहिलों कीं पायांखालची फरशी दबते. तें दबणें डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच. किंबहुना मेज किंचित् दबतें म्हणूनच तें पुस्तकाला उलट रेटून तोलून धरूं शकतें.

हा बदल मोजण्यास दोन गोष्टी पाहाव्या लागतात. दहा किलोग्रॅमचें ओझें जाड साखळीला जाणवतही नाहीं, पण शिवणाच्या दोऱ्याला तें तोडून टाकतें. जोर तोच, परंतु तो वाटून घेण्यास दोऱ्यापाशीं जागा थोडी. म्हणून दर चौरस मिलीमीटरला किती जोर आला तें पाहावयाचें. ह्यास प्रतिबल म्हणतात. मूळ लांबीच्या मानानें लांबी किती बदलली, ही दुसरी गोष्ट. तिला विकृति म्हणतात.

ह्या दोहोंमधील नातें इंग्लंडांतील रॉबर्ट हूक ह्यानें प्रथम उलगडलें. त्या काळीं आपला शोध दुसऱ्यानें पळवूं नये म्हणून शास्त्रज्ञ चमत्कारिक युक्त्या योजीत. हूकनें १६७६ सालीं आपला नियम लॅटिन भाषेंत मांडला खरा, पण त्यांतील अक्षरें वर्णानुक्रमानें लावून कोड्याच्या रूपानें छापलीं. उकल केली ती १६७८ सालीं. नियम साधा आहे: जितका जोर अधिक, तितकी लांबी अधिक. शाळेंत आम्ही मुलांकडून हा पडताळा करवून घेत असूं. खिळ्याला स्प्रिंग टांगावी, खालीं पारड्यांत एक एक वजन टाकावें आणि बाजूच्या मोजपट्टीवर कांटा कोठें आला तें लिहून घ्यावें. आलेख काढला कीं सरळ रेषा मिळे. भाजीवाल्याचा स्प्रिंगचा कांटा ह्याच नियमावर चालतो.

तारेचेंही असेंच आहे. दोन मीटर लांबीची आणि एक चौरस मिलीमीटर छेदाची पोलादी तार छताला टांगून तिला १० किलोग्रॅम वजन लाविलें, तर ती सुमारें १ मिलीमीटर वाढते. २० किलोग्रॅम लाविल्यास २ मिलीमीटर. हलक्या वजनाखालीं तशीच तांब्याची तार पोलादाच्या सुमारें पावणेदोनपट वाढते, आणि अ‍ॅल्युमिनियमची जवळजवळ तिप्पट. प्रतिबलाला विकृतीनें भागलें म्हणजे जो आंकडा येतो त्यास, टॉमस यंग ह्या इंग्रज वैद्य शास्त्रज्ञाच्या नांवावरून, यंगचा गुणांक म्हणतात. हा गुणांक पोलादाच्या बाबतींत रबराच्या हजारों पटींनीं मोठा आहे. रबर सहज ताणलें जातें, ह्याचा अर्थ तें विकृतीला विरोध थोडा करतें. आणि बरेच दिवस ताणून ठेवलेलें रबरी कडें सैल पडतें, हा तर घरोघरचा अनुभव आहे. पोलाद विरोध मोठा करतें आणि मर्यादेच्या आंत असेल तर जवळजवळ तंतोतंत मूळ जागीं परततें.

मर्यादा हा शब्द येथें महत्त्वाचा. वरील तार साध्या मऊ पोलादाची असेल, तर २५ किलोग्रॅमच्या आसपास तिचा स्वभाव पालटतो. आतां ती भराभर लांबूं लागते, आणि वजन काढलें तरी पुरती परत येत नाहीं. स्थितिस्थापकतेची सीमा संपून कणकेचा गुण, म्हणजे आकार्यता, सुरू होते. पुण्याच्या तांबट आळींतील कारागीर पत्र्याला घाट देतो तो ह्याच सीमेपलीकडे. ठोके बसतां बसतां तांबें कडक होत जातें, म्हणून मधून मधून तें तापवून मऊ करावें लागतें. शेवटचे मठारण्याचे ठोके मात्र तसेच राखतात. त्यांनींच भांड्याला ताठपणा येतो.

हें कां घडतें? धातूचे अणु एकमेकांशीं जणूं सूक्ष्म स्प्रिंगांनीं जोडलेले असतात. थोडा जोर लाविला तर त्यांतील अंतर किंचित् बदलतें, पण शेजार सुटत नाहीं. जोर वाढला कीं अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि शेजारी बदलतात. मग परत येणें नाहीं. सबंध सतरंजी ओढून सरकविणें जड जातें, पण एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढें लोटीत नेली तर सतरंजी सहज सरकते. धातूच्या स्फटिकांतही सुरकुतीसारखे दोष असतात, ही कल्पना १९३४ सालीं टेलर, ओरोवान व पोलान्यी ह्या तिघांनीं स्वतंत्रपणें मांडली. पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें ते दोष प्रत्यक्ष दिसले. ठोकलेल्या तांब्यांत ह्या सुरकुत्या एकमेकींत अडकतात, म्हणून तें कडक होतें.

मग मर्यादेच्या आंत राहिलें म्हणजे भय उरलें नाहीं ना? येथेंच खरी मेख आहे. लोखंडी तार एकदां वांकविली तर तुटत नाहीं. पण एकाच जागीं वारंवार इकडे तिकडे वांकवीत राहिलें तर ती गरम लागते आणि तुटते. तेथें आपण मर्यादा उघडच ओलांडतों. परंतु मर्यादेच्या आंतील प्रतिबलही लाखों वेळां आलटून पालटून बसलें तर असाच घात होऊं शकतो. ह्यास धातूची थकावट म्हणतात. एखाद्या ओरखड्यापाशीं, खांचेपाशीं किंवा तीक्ष्ण कोपऱ्यापाशीं प्रतिबल एकवटतें. तेथें केसासारखी चीर पडते, ती प्रत्येक हेलकाव्यासरशी तिळातिळानें वाढते, आणि एके दिवशीं उरलेला भाग एकदम तुटतो. बाहेरून आकार शेवटपर्यंत जसाच्या तसा असतो.

आगगाडीचा आंस भाराखालीं किंचित् वांकलेला असतो. त्याच्या वरच्या बाजूस ताण, खालच्या बाजूस दाब; अर्ध्या फेऱ्यानंतर नेमकें उलट. मुंबईहून पुण्यास, म्हणजे १९२ किलोमीटर, जाईपर्यंत प्रत्येक आंस असे साठ-सत्तर हजार फेरे घेतो. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आंस तुटला, डबे एकमेकांवर चढून पेटले, आणि पन्नासांहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. पुढें प्रशियाच्या रेल्वेंतील ऑगस्ट व्होलर ह्या अभियंत्यानें आंस फिरते ठेवून वर्षानुवर्षें प्रयोग केले. प्रतिबल कमी तर फेऱ्यांचें आयुष्य अधिक, आणि एका पातळीखालीं लोखंड व पोलाद जवळजवळ अखंड टिकतें, असें त्यानें दाखविलें. अ‍ॅल्युमिनियमला अशी निश्चित पातळी नाहीं. विमानें मुख्यतः त्याच्याच मिश्रधातूंचीं बनत. १९५४ सालीं जानेवारींत व एप्रिलांत ‘कॉमेट’ जातीचीं दोन विमानें भूमध्यसमुद्रावर आकाशांतच फुटलीं आणि ५६ माणसें गेलीं. मग तसेंच एक विमान पाण्याच्या हौदांत ठेवून त्यांत पुनःपुन्हां दाब भरण्यांत आला, तेव्हां त्याचें कवच थकावटीनें फाटलें.

म्हणून तपासणी हाच उपाय. पूर्वीं मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली कीं एक मनुष्य लांब दांड्याच्या हातोडीनें चाकें वाजवीत जाई. कुंभाराकडून मडकें वाजवून घेतों, तीच ही परीक्षा: निर्दोष चाक खणखणीत वाजतें, चिरलेलें बद्द. आज आपल्या रेल्वेंत रूळ व आंस श्राव्यातीत ध्वनीनें तपासतात. चिरेवरून परतलेला प्रतिध्वनि तिचा ठावठिकाणा सांगतो.

घरींही एवढें करावें. झोपाळ्याची कडी जेथें घासते, छताच्या पंख्याचा बोल्ट जेथें अडकतो, सायकलचा दांडा जेथें जोडला आहे, त्या जागा वर्षांतून एकदां तरी पुसून उजेडांत निरखाव्या. वांकलेला आंकडा ठोकून सरळ केला तरी त्याला पुन्हां माणसाचा भार देऊं नये. झिजलेली किंवा चिरलेली कडी स्वस्तांत मिळते. तिच्याखालीं खेळणारें मूल तसें नव्हे.