ठरवणं आणि करणं

उद्योगधंद्याच्या जगात ‘स्ट्रॅटेजी’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. मराठीत कुणी त्याला व्यूहरचना म्हणतं, कुणी धोरण. कंपन्यांच्या बैठका होतात, पडद्यावर रंगीत आलेख उमटतात, टाळ्या होतात, चहापाणी होतं. सहा महिन्यांनी कुणी विचारतं, ‘त्या योजनेचं काय झालं हो?’ तेव्हा सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ठरवणं आणि करणं या दोन क्रियापदांच्या मध्ये नेमकं काय हरवतं, याचा आज थोडा विचार करू या. त्यासाठी लांबचं उदाहरण नको. आपल्या दारावरून धावणारी कोकण रेल्वेच घेऊ.

कोकणात रेल्वे यावी हा विचार काही अचानक सुचलेला नव्हता. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी ध्यास घेतला. बॅरिस्टर नाथ पै, मधु दंडवते यांनी संसदेत तो विषय लावून धरला. पाहण्या झाल्या, नकाशे झाले. तरी रूळ रोह्यापर्यंत पोचायला १९८६ साल उजाडलं. पुढे सह्याद्री, खाड्या, दऱ्या आणि चार महिन्यांचा पाऊस. म्हणजे कल्पना होती, मागणी होती, नकाशाही होता. नव्हती ती करण्याची व्यवस्था.

ती १९९० साली आली. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते आणि दंडवते अर्थमंत्री. एकाला रूळ हवे होते, दुसऱ्याच्या कमरेला तिजोरीच्या किल्ल्या होत्या. रेल्वेच्या वार्षिक अंदाजपत्रकातून थोडे थोडे पैसे मिळत राहिले असते, तर हे काम पुढच्या पिढीवर गेलं असतं. म्हणून १९ जुलै १९९० रोजी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. बाकीचा बराचसा पैसा रोखे विकून लोकांकडून उभारला.

इथे पहिली गोष्ट लक्षात घ्यावी. नवं काम जुन्याच भांड्यात शिजत नाही. धोरण बदललं, पण पैसा येण्याची वाट, सहीचा अधिकार आणि हिशेबाची पद्धत तीच राहिली, तर धोरण फायलीतच मुरतं. शिवाय कर्जाऊ पैशाला रोज व्याज चढतं. सरकारी कामात उशिराची किंमत सहसा कुणाला दिसत नाही. इथे ती रोज दिसू लागली.

महामंडळाचे अध्यक्ष झाले ई. श्रीधरन. रेल्वेतून ते नुकतेच निवृत्त झाले होते. १९६४ च्या डिसेंबरात चक्रीवादळाने रामेश्वरचा पांबन पूल उद्ध्वस्त केला, तेव्हा तो ४६ दिवसांत पुन्हा उभा करणारे तरुण अभियंता तेच. त्यांनी कोकणात काय केलं? रोहा ते मंगळूर हा सुमारे साडेसातशे किलोमीटरचा मार्ग सात तुकड्यांत वाटला. प्रत्येक तुकडा साधारण शंभर किलोमीटरचा. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, तोही मुंबईत नव्हे, कामाच्या जागी राहणारा. निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्या हाती. कार्यालयात उलटं घड्याळ, किती दिवस गेले ते नव्हे, किती उरले ते सांगणारं.

यात जादू काही नाही. ‘आपण सर्वांनी मिळून रेल्वे बांधायची आहे’ असं म्हटलं की ती कुणाचीच राहत नाही. ‘या नदीपासून त्या नदीपर्यंतचा रस्ता तुमचा’ असं म्हटलं की रात्री झोपेतही माणसाला तो रस्ता दिसतो. आम्हा कविता लिहिणाऱ्यांनाही वाटतं, कल्पना सुचली की कविता झाली. पण कागदावर येते ती एकेक ओळच.

जमीन घ्यायची होती ४२ हजारांहून अधिक मालकांकडून. अभियंते आणि अधिकारी लोकांच्या घरी गेले, समजावून सांगितलं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या आंबा-नारळाच्या बागांतून रूळ जाणार होते. तरी पुष्कळांनी जमीन दिली. रत्नागिरीजवळ पानवल नदीवर ६४ मीटर उंचीचा पूल उभारायचा होता. इतक्या उंचीवर खालून आधार उभारून पूल बांधणं अवघड. तेव्हा पुलाचा एकेक भाग काठावर तयार करायचा आणि खांबांवरून पुढे ढकलत न्यायचा, ही रीत भारतात इथे प्रथम वापरली गेली. अवघड कामं अशीच होतात. काठावर बसून, तुकड्या-तुकड्याने, पण रोज पुढे.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं, असं मात्र नाही. पाच वर्षांची आखणी होती, लागली सात वर्षांवर. गोव्यात मार्गाविरुद्ध आंदोलन झालं, १९९३ मध्ये काम थांबलं. कठीण कातळ फोडायला यंत्रं होती. पण मऊ, पाण्याने भरलेल्या मातीतले नऊ बोगदे कुणाच्याच हिशेबात बसले नाहीत. खणलेला भाग पुन्हा पुन्हा ढासळायचा. गोव्यातल्या पेडणे बोगद्याने तर सगळ्यांचा अंत पाहिला. अशा वेळी नेत्याची खरी कसोटी लागते. ‘सर, होत नाहीये,’ हे वाक्य खालून वरपर्यंत किती वेळात पोचतं? ते ऐकून वरचा माणूस दोष शोधतो की दुसरी वाट? वाईट बातमी दडवली जाते त्या संस्थेत धोरण वरच्या मजल्यावर ठणठणीत असतं आणि तळमजल्यावर मेलेलं असतं. इथे यंत्र चालेना, तेव्हा हाताने, हळूहळू माती काढली गेली. दरम्यान जे तुकडे पुरे झाले, ते वापरात आले. मंगळूर-उडुपी मार्ग मार्च १९९३ मध्ये सुरू झाला. २६ जानेवारी १९९८ रोजी सगळा मार्ग जोडला गेला.

आणि एक हिशेब असा आहे, जो व्यवस्थापनाच्या पुस्तकांत सहसा नसतो. या कामात ७४ माणसं प्राणाला मुकली. त्यांतली १९ त्या मऊ मातीच्या बोगद्यांत. ‘धोरण कृतीत आणणं’ हे शब्द बैठकीत फार गुळगुळीत वाटतात. कृती करणाऱ्याच्या हातात मात्र कुदळ असते आणि डोक्यावर माती. नेतृत्वाने घाई करावी, पण ती कुणाच्या जिवावर, हा प्रश्न स्वतःला रोज विचारावा.

उद्घाटनाची फीत कापली म्हणजे काम संपलं, असंही नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली आणि गाडीला अपघात होऊन पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. पुढच्याच पावसाळ्यात करंजाडीजवळ पुन्हा अपघात झाला. डोंगर कापणं ही एकदाची कृती होती. कापलेला डोंगर सांभाळणं ही दर वर्षाची आहे. म्हणून उतारांवर जाळ्या आल्या, गस्त वाढली, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवणारं वेगळं वेळापत्रक आलं.

आपल्यापैकी फार थोडे जण रेल्वे बांधणार आहेत. पण कुणाचं दुकान आहे, कुणाची पतसंस्था, कुणाचा बचत गट. पुढच्या बैठकीत ठराव मंजूर झाला की उठण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. यातला कोणता तुकडा कुणाचा? त्याला पैसा आणि अधिकार दिला का? किती दिवस उरले? आणि चौथी, जी लिहिता येत नाही, ती वागण्यातून दाखवावी लागते. अडलं तर येऊन सांगायला तो घाबरणार नाही ना?

आषाढातल्या रात्री कोकणातून गाडीने जाताना खिडकीबाहेर बघा. काळोखात, भर पावसात, हातात दिवा घेऊन एखादा माणूस रुळांच्या कडेने चालताना दिसेल. त्याच्या वाट्याला आलेले काही किलोमीटर तो पाहून घेतो आहे. तो चालतो म्हणून आपण झोपतो.