सबाची लिपी मोबाइलवर

सूरह सबामध्ये बांध फुटून आलेल्या पुराचा उल्लेख आपण वाचतो. तो बांध येमेनमधल्या मारिबचा, असे मुफस्सिर सांगतात. सहाव्या शतकात त्याच बांधाच्या डागडुजीची नोंद अबरहाने दगडावर कोरून घेतली. ‘अस्हाबे फील’च्या हकिकतीतला हाच तो अबरहा. लिपी सबाच्या लोकांचीच, मुसनद : 29 सुटी अक्षरे, दोन शब्दांमध्ये उभी रेघ.

2009 मध्ये युनिकोडने या अक्षरांना क्रमांक दिले. पुढे मोफत ‘नोटो’ फॉन्टमध्ये ती आली. फॉन्ट नसेल तिथे नुसते चौकोन दिसतात.

मुलांकडून सूरह सबा पाठ करून घेताना ही अक्षरे त्यांना दाखवू या. ज्या कौमेचे नाव ती घेतात, ती कशी लिहीत होती, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.